साखळदंडातली नाव

मित्रांनो, एटापल्लीच्या पुढे डांबरी रस्ता संपतो आणि जंगलाची वाट सुरू होते. त्या वाटेवर नदीकाठी पेरमाटोला नावाचं गाव आहे. तिथल्या घाटावर तुम्ही कधी आलात तर एक जुनी, काळी पडलेली नाव तुम्हाला दिसेल. ती मीच. या, माझ्या काठावर बसा. पाय पाण्यात सोडलेत तरी मी रागावणार नाही.

माझा जन्म मात्र इथला नाही. मी वैनगंगेची. सावली गावाकडे ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, एक वस्ती आहे, तिथल्या लटारूभाऊंनी मला आपल्या अंगणात घडवलं. सागवानाच्या फळ्या त्यांनी पारखून घेतल्या, एकीला एक जोडली, फटींत कापूस ठासला आणि वरून गरम डांबर फिरवलं. त्यांची सून गोकुळा हिने माझ्या टोकाला हळदकुंकू लावलं. लटारूभाऊंचा मुलगा इस्तारी याने मला पाण्यात लोटलं आणि मी तरंगले. माझ्या आयुष्यातला तो पहिला आनंद.

पुढची कितीतरी वर्षं सुखात गेली. इस्तारीभाऊ जाळं टाकत तेव्हा मी गुपचूप उभी राहायची. धानाच्या रोवणीच्या दिवसांत पलीकडच्या बांध्यांत जाणाऱ्या बायका माझ्यात दाटीवाटीने बसत आणि गाणी म्हणत. एकदा तर मी अख्खी वरात पार नेली, बँडवाल्याच्या मोठ्या ढोलासकट. लोक माझं कौतुक करत. मग नदीवर पूल झाला. लोक मोटारसायकलवरून जाऊ लागले. मला बाभळीखाली पालथी घातली आणि माझ्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. उन्हाने माझ्या फळ्या आकसत गेल्या. माझं काम संपलं, असंच मी धरून चालले होते.

अशात पोळा झाल्यावर एके दिवशी आमच्या वस्तीत एक ट्रक आला आणि त्यातून साधनाबाई उतरल्या. त्या आरोग्य खात्यात होत्या. तहसील कचेरीने त्यांच्यावर एक अवघड काम सोपवलं होतं. दूर जंगलात लढाई पेटली होती. एकीकडे सरकारचे जवान, दुसरीकडे जंगलातले बंदूकवाले. मधल्या गावांतली माणसं घरंदारं सोडून पळाली आणि पेरमाटोल्याच्या समोर, नदीच्या पैलतीरावर, मोहाच्या झाडांखाली येऊन थांबली. त्यांच्यासाठी वेगवेगळ्या संस्था धान्य, औषधं, कपडे घेऊन अलीकडच्या घाटावर पोचल्या होत्या. त्या सगळ्यांचा मेळ घालणं हे साधनाबाईंचं काम. पण नदी दुथडी भरलेली आणि घाटावर एकही नाव नाही. तिथल्या लोकांनी आपले डोंगे भीतीने बुडवून ठेवले होते. कोणाला नेलं, कोणाला आणलं, याचा जाब त्यांना दोन्हीकडच्या बंदुका विचारत.

साधनाबाईंनी सारं खरं सांगितलं. ऐकून गोकुळाबाई नवऱ्याला म्हणाली, "तिथी काऊन जाता जी? ना आपली नदी, ना आपली मानसं. कोनी गोळी घातली तं?"

इस्तारीभाऊ माझ्या अंगावर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाईच्या डोळ्यात पाह्यलं का? नाई कसं म्हनू?"

मला पुन्हा डांबर लागलं. ट्रकमध्ये आडवी पडून मी जंगलात गेले.

मित्रांनो, मला वाटलं होतं, मदतीला जाणाऱ्या नावेचं सगळे स्वागत करतील. पण त्या घाटावर कोणी हसून बोलतच नव्हतं. चौकीतले फौजदारसाहेब माझ्याभोवती फिरले आणि त्यांनी तळाच्या फळ्या ठोकून पाहिल्या, आत काही लपवायची जागा आहे का म्हणून. तांदळाच्या प्रत्येक पोत्यात त्यांचे जवान लोखंडी सळई खुपसत. पलीकडे गेलं की झाडीतून बंदूकवाले येत आणि त्याच पोत्याला सुरा लावून बघत. जाताना एका बाजूने तांदूळ सांडे, पोचल्यावर दुसऱ्या बाजूने. इस्तारीभाऊंना इथे विचारत, "तिकडे किती लोक दिसले?" आणि तिकडे विचारत, "चौकीत किती आहेत?" ते दोन्हीकडे एकच उत्तर देत, "मी पान्याकडे पाहून वल्हं मारतो जी."

मला जास्त वाईट वाटे ते संस्थांच्या माणसांचं. ती तर सगळी चांगल्या कामाला आली होती. चंद्रपूरहून धम्मदीप नावाचा तरुण डॉक्टर आपल्या मित्रमैत्रिणींना घेऊन आला होता. माजरीच्या कोळसापट्ट्यातून हेमराज आपली सेवा समिती घेऊन आला होता. तिकडच्या दुकानदारांनी आणि खाणकामगारांनी मिळून भरपूर सामान दिलं होतं. नागपूरहून आलेल्या बायकांच्या एका मंडळाने कपडे आणि दुधाची भुकटी आणली होती. पण प्रत्येकाने आपलं सामान गावच्या शाळेतल्या वेगळ्या खोलीत ठेवलं आणि खोलीला आपलं कुलूप लावलं. सकाळी माझ्यात आधी कोणाचं सामान चढणार यावरून भांडण होई. प्रत्येकाला माझ्यावर आपलाच फलक हवा असे. एकाने माझ्या डाव्या कडेला खिळे ठोकून फलक लावला. दुसऱ्याने तो उपटून आपला ठोकला. त्या खिळ्यांनी माझी फळी चिरली आणि मी थेंब थेंब पाणी घेऊ लागले. इस्तारीभाऊ डबडं घेऊन पाणी उपसत आणि पुटपुटत, "याइले नाव पायजे का पाटी?"

साधनाबाई रोज सगळ्यांना एकत्र बोलावत. सगळे येत, चहा पीत, मान हलवत. पण कोणाकडे काय आहे, हे कोणी नीट सांगत नसे. धम्मदीपला वाटे, समितीवाले निवडणुकीच्या तयारीला आले आहेत. हेमराजला वाटे, ही डॉक्टरमंडळी आपलं धान्य वाटून स्वतःचे फोटो काढतात. त्यात थोडं खरंही होतं. एकदा समितीचा तांदूळ वाटतानाचा फोटो धम्मदीपच्या संस्थेच्या नावाने सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. त्या दिवसापासून हेमराज धम्मदीपशी बोलेनासा झाला.

थोड्याच दिवसांत पैलतीरावर हगवणीची साथ आली. लेकरं आणि म्हातारी माणसं पटापट गळून पडू लागली. सलाईनच्या बाटल्या तातडीने हव्या होत्या. त्या हेमराजच्या समितीने मागवल्या आणि पुढच्या खेपेसाठी खोकं घाटावर माझ्याशेजारी आणून ठेवलं. बाटल्या समितीच्या, पण त्या लावायला जाणार होते धम्मदीप आणि त्याचे सोबती.

आता जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. भर दुपार होती. सगळे जेवायला वर शाळेत गेले होते. इस्तारीभाऊ पलीकडून एक आजारी बाई आणून तिला वर पोचवायला गेले होते. हेमराज एकटा घाटावर आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, सलाईनचं खोकं उचललं आणि आपल्या जीपमध्ये घोंगड्यांखाली ठेवलं. त्याच्या मनात चोरी नव्हती, हे मला तेव्हाही कळलं. तो स्वतःशीच म्हणत होता, "आमचा मानूस सोबत असल तवाच जाईल. फुकटचं नाव कायले यायले द्याचं?" एखाददुसऱ्या खेपेने काय फरक पडतो, असं त्याला वाटलं असेल.

जेवणं झाली. धम्मदीप आला आणि ओरडला, "सलाईन कुठी गेलं?"

आवाज ऐकून फौजदारसाहेब आले. सलाईन म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. लढाईत जखमी झालेल्यांना सलाईनच लागतं ना! त्यांनी विचारलं, "शेवटची खेप कोणी केली?"

"मी केलो जी," इस्तारीभाऊ म्हणाले. "तिकडच्या मुखरूच्या आजारी बायकोले घेऊन आलो."

"जाताना नावेत काय होतं?"

"काई नाई जी. रिकामा गेल्तो."

"रिकामा? मग खोकं पाण्यात वाहून गेलं?"

सगळे इस्तारीभाऊंकडे पाहू लागले. ज्यांना त्यांनी रोज पार नेलं होतं, तीच माणसं. धम्मदीप हळूच म्हणाला, "तरीच हा त्या लोकांशी इतकं बोलत राह्यते." नागपूरच्या बायकांपैकी एक म्हणाली, "बाहेरचा माणूस आहे. कोणी आमिष दाखवलं असेल." हेमराज तिथेच उभा होता. त्याचे ओठ हलले. मी मनात म्हटलं, बोल, आता तरी बोल! पण त्याने खाली पाहिलं.

माझ्या फळ्यांत जीव होता, पण लाकडाला वाचा कुठून येणार?

चौकशीसाठी इस्तारीभाऊंना चौकीत नेऊन बसवलं. मला जांभळीच्या खोडाला साखळदंडाने बांधलं आणि कुलूप घातलं. सगळ्या खेपा बंद झाल्या. साधनाबाई चौकीत जाऊन भांडल्या, तालुक्याला फोन करत राहिल्या. वरून हुकूम येईपर्यंत नाव सुटणार नाही, हेच उत्तर त्यांना मिळे.

प्रवाहाने मी साखळीला हिसके देत होते आणि समोरच्या काठावरून धूर दिसत होता. पहिल्यांदा स्वयंपाकाचा धूर दिसे. मग तो कमी झाला आणि एके सकाळी वेगळ्या ठिकाणी, जाड आणि काळा धूर दिसला. तो चितेचा होता.

हेमराज रोज घाटावर येई, जीपकडे पाही आणि परत जाई. एकदा बोलायचं राहून गेलं की दुसऱ्यांदा तोंड उघडणं आणखी जड जातं. समितीची अब्रू जाईल, लोक तोंडावर थुंकतील, असं त्याला वाटत असावं. मला त्याचा राग येत होता, आणि एखादे वेळी कीवही.

मग पलीकडून सुकलू आला. तो माडिया लोकांतला एक म्हातारा, मोहाखाली थांबलेल्या कुटुंबांचा मुख्य. वाळलेले मोठे भोपळे छातीखाली बांधून त्या पुरात तो पोहत आला होता. काठावर चढून तो बराच वेळ नुसता धापा टाकत बसला. साधनाबाई धावत आल्या.

तो तुटक मराठीत म्हणाला, "माझी म्हातारी गेली. येर, येर करत गेली. पाणी मागत होती. दिलं तर पोटात राहत नव्हतं." मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "आता नात तशीच पडली आहे. चिन्नी. नाव इथं आहे. मग येत का नाही?"

साधनाबाई उठल्या. एक मोठी ताडपत्री त्यांनी घाटावरच्या रेतीत अंथरली आणि सगळ्या संस्थांना बोलावलं.

"सगळ्यांनी आपापल्या खोल्या उघडा. गाड्या उघडा. जे जे आहे ते या ताडपत्रीवर आणून ठेवा. कोनाचं काय, ते मले नाई पायजे. मी चोर शोधून नाई राह्यली. मले सलाईन पायजे. एखादी बाटली कोनाकडे पडून असल तं आणा."

धम्मदीपने आपल्या पेट्या आणल्या. त्याच्याकडे सुया आणि नळ्या होत्या, बाटल्या नव्हत्या. नागपूरच्या बायकांकडे मीठसाखरेच्या भुकटीच्या पुड्या निघाल्या, भरपूर. इतके दिवस त्या खोलीत पडून होत्या आणि शेजारच्या खोलीत धम्मदीप त्याच पुड्यांसाठी चंद्रपूरला निरोपावर निरोप धाडत होता.

हेमराज सर्वांत शेवटी आला. घोंगड्यांचा ढीग त्याने खाली ठेवला. मग पुन्हा जीपकडे गेला आणि दोन्ही हातांनी खोकं उचलून आणलं. ते ताडपत्रीवर ठेवून तो तिथेच बसला.

"माह्याच गाडीत होतं," तो म्हणाला. "मीच ठेवलो."

कोणी काही बोलण्याआधी धम्मदीपने त्याची गचांडी धरली. साधनाबाई मध्ये पडल्या. "सोड त्याले! भांडाचं असल तं मंग भांडा. हेमराजभाऊ, उठा. चौकीत जा आणि जे आता बोलले तेच तिथी बोला. इस्तारीभाऊले घेऊनच या."

हेमराज गेला. किती वेळ लागला कोण जाणे, मला तो फार मोठा वाटला. परत आला तेव्हा त्याच्या पुढे इस्तारीभाऊ चालत होते. मागून फौजदारसाहेब कुलपाची किल्ली घेऊन येत होते. त्यांनी साखळी काढली, माझ्या टोकाला घासून पडलेली खाच पाहिली आणि इस्तारीभाऊंकडे न बघता ते म्हणाले, "जा. आज पोती तपासत नाही." इस्तारीभाऊंनी वाकून माझी चिरलेली फळी चाचपली आणि फटीत चिंधी कोंबली. तोवर माझ्यात सगळ्यांचं सामान एकदमच चढलं. त्या दिवशी फलकाची आठवण कोणाला झाली नाही.

धम्मदीप बसला, साधनाबाई बसल्या, सुकलू बसला. हेमराज काठावरच घुटमळत होता.

"बस," इस्तारीभाऊ म्हणाले. "दुसरं वल्हं तू मार."

मध्यधारेत पाण्याला जोर होता. हेमराजला वल्हवता येत नव्हतं. त्याचे तळहात सोलवटले, पण तो थांबला नाही. माझ्यात पाणी येत होतं आणि धम्मदीप डबड्याने उपसत होता. बऱ्याच वेळाने इस्तारीभाऊंनी विचारलं, "काऊन नाई बोलला?"

"भेव वाटला, भाऊ."

"भेव मलेही वाटत होता. आतमधी बसून." एवढंच बोलून त्यांनी माझं टोक काठाकडे वळवलं.

पैलतीरावर माणूस दिसेना. झोपड्या होत्या, चुली होत्या, माणसं मात्र झाडीत पळाली होती. वेगवेगळ्या संस्थांची माणसं अशी एका नावेत कधी आलीच नव्हती. म्हणजे आज हे आपल्याला पकडायला आले, असं त्यांना वाटलं. सुकलूने माडियात हाका मारल्या. हळूहळू एक बाई पुढे आली. तिच्या कडेवर चिन्नी होती, मान टाकलेली. पण भुकटीचं पाणी द्यायला धम्मदीप पुढे झाला तशी ती मागे सरली. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की हे पांढरं पाणी पोटात गेलं की माणूस झोपेत खरं बरळतो, कोण कुठे लपलंय ते सांगून टाकतो.

हेमराजने धम्मदीपच्या हातातला पेला घेतला आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकला. मग धम्मदीप प्यायला. इस्तारीभाऊ प्यायले. ती बाई तिघांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने आधी स्वतः एक घोट घेऊन पाहिला आणि मग लेकीच्या ओठांना पेला लावला.

चिन्नीला सलाईन लावलं. मोहाच्या फांदीला बाटली टांगली आणि हेमराज खाली बसून राहिला. ऊन उतरलं तेव्हा चिन्नीने डोळे उघडून आईला काहीतरी मागितलं. काय मागितलं मला कळलं नाही, पण आई रडत हसली.

हेमराज सुकलूजवळ गेला. "बावा, तुमची म्हातारी गेली तेव्हा हे खोकं माझ्या गाडीत होतं," तो म्हणाला. साधनाबाईंनी त्याला हे सांगायला लावलं नव्हतं.

सुकलू त्याच्याकडे वळला. मला वाटलं, आता हा हात उगारणार. त्याने विचारलं, "उद्या येशील?"

"येईन."

"एकटा नको येऊ. एकट्यावर इथं कोणी भरवसा ठेवणार नाही. या साऱ्यांना घेऊन ये."

त्यानंतर मी रोज सगळ्यांचं सामान एकत्र वाहिलं. सारं एका खोलीत ठेवलं जाई आणि त्या खोलीला कुलूप नव्हतं. संशय गेला, असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. फौजदारसाहेब दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सळई खुपसू लागले. धम्मदीप आणि हेमराज एका ताटात जेवायला लागले नाहीत. पण एक खोकं इकडचं तिकडे झालं की आता लगेच विचारलं जाई, आणि विचारलेल्याला लगेच उत्तर मिळे. तेवढ्यानेही पुष्कळ जीव वाचले. जे त्याआधी गेले, ते काही परत आले नाहीत. सुकलू पुढे कित्येक दिवस माझ्यात बसला की एका बाजूला सरकून बसायचा, शेजारी कोणाची तरी जागा सोडल्यासारखा.

थंडीत लढाई दूर सरकली. माणसं आपापल्या गावांकडे परतली, संस्था निघून गेल्या. इस्तारीभाऊंनी मला नेलं नाही. "माह्या गावी पूल आहे. इथी काय आहे?" असं म्हणून त्यांनी चिरलेल्या जागी नवी फळी बसवली आणि मला या घाटाला देऊन टाकलं. निरोप द्यायला हेमराज आला होता. त्याने राम राम केला. इस्तारीभाऊंनी क्षणभर थांबून राम राम घेतला आणि ते ट्रकमध्ये चढले. मनातून त्यांनी त्याला माफ केलं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही.

मित्रांनो, माझं आता एकच मागणं आहे. लाकडी नाव पाण्याबाहेर पडून राहिली की सुकते, तिच्या फळ्या आकसतात, फटी पडतात. मग संकटाच्या दिवशी तिला घाईघाईने पाण्यात ढकललं तर ती बुडते. मला असं सुकू देऊ नका. लढाई नसतानाही मला चालती ठेवा. बाजाराला जा, मोहफुलं न्या, मामाच्या गावाला जा, पलीकडच्या माणसांना इकडे आणा आणि इकडच्यांना तिकडे न्या. आज आठवडी बाजार आहे. ती बघा, समोरून चिन्नीची आई हात हलवतेय. उठा, वल्हं घ्या, तिला आणायला जाऊ.